केळदहून कॅथलॅबकडे

वेल्ह्याच्या पुढे पासली, केळद. तिथून मढे घाट उतरला की कोकण. भोरकडचं हिर्डोशी खोरंही असंच वरंध घाटाला जाऊन भिडतं. इथल्या वाड्यांवर रात्री कुणाच्या छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला, की घरचे म्हणतात, गॅस झालाय. ओवा चावायला देतात, सोडा पाजतात आणि उजाडायची वाट बघतात. माणूस हातचा जातो तो बहुतेकदा याच तासांत. पुण्यातली अँजिओप्लास्टी कितीही चांगली झाली, तरी ती त्याच्या नंतरची.

ती अँजिओप्लास्टी मात्र थक्क करणारी गोष्ट आहे. आंद्रेआस ग्रुंट्सिग या डॉक्टरने सुरुवातीचे फुगे स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवले आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये एका 38 वर्षांच्या, पूर्ण जाग्या रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद केली. आज मनगटाच्या नाडीतून बारीक नळी हृदयाच्या तोंडाशी नेतात. नळीतून जाते तार, जेमतेम 0.36 मिलिमीटर जाडीची. पडद्यावर नजर ठेवून डॉक्टर ती दोन बोटांत फिरवत ब्लॉकेजच्या पलीकडे सरकवतात. तिच्यावरून फुगा जातो आणि फुग्यावर आवळून बसवलेला स्टेंट. फुगा फुगला की स्टेंटची जाळी भिंतीत घट्ट बसते. फुगा परत येतो, जाळी कायमची राहते. मात्र तिन्ही रक्तवाहिन्या खराब असतील आणि जोडीला मधुमेह असेल, तर बायपास अनेकदा सरस ठरते.

अटॅकमध्ये रक्ताच्या गुठळीने वाहिनी पार बंद पडते आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. ईसीजीत अटॅक दिसल्यापासून 120 मिनिटांत गुठळी ओलांडता येणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, असा जगभरचा दंडक आहे. पावसाळ्यात वाडीवर 108 रुग्णवाहिका पोचायची, तिथून खोरं उतरून कात्रज ओलांडायचं, मग कॅथलॅबची, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीची, तयारी. दोन तास हा हा म्हणता सरतात. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज मात्र वजन बघून एकाच वेळी शिरेत देता येतं, त्याला कॅथलॅब लागत नाही. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टर खोदून विचारतात. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त. म्हणूनच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातलं ईसीजीचं यंत्र मला पुण्यातल्या कॅथलॅबइतकंच मोलाचं वाटतं.

इंजेक्शनने कळ थांबली की नातेवाईक म्हणतात, आता बरं वाटतंय, घरी नेतो. तसं करू नये. गुठळी विरघळली तरी खालचं ब्लॉकेज तसंच असतं. इंजेक्शननंतर 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी व्हायलाच हवी. खर्चाच्या धास्तीने पुष्कळजण इथेच थांबतात. पण फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि ईसीजीची पहिली पट्टी सोबत घ्यावी.