गोदेचं कर्ज कोण फेडणार?

रामकुंडावर रील काढताना कॅमेरा जरा वरच धरावा लागतो, हे काय नाशिककराला सांगायला हवं? पाणी दिसलं की फ्रेम बिघडते. त्याच पाण्यासाठी आपल्या महापालिकेने २०२५ च्या अखेरीस २०० कोटी रुपयांचे रोखे शेअर बाजारात आणले. नाव, ‘क्लीन गोदावरी बाँड’. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, घाई समजू शकते.

बाँड म्हणजे सरळ कर्ज. ग्रीन बाँड म्हणजे अट घातलेलं कर्ज. तुम्ही मित्राला गाडी दुरुस्तीसाठी पैसे दिलेत आणि दोन दिवसांनी त्याचे गोव्याचे फोटो दिसले, तर काय वाटेल? ग्रीन बाँडमध्ये हे चालत नाही. पैसा पर्यावरणाच्या कामालाच लागला, हे दरवर्षी दाखवावं लागतं.

आपल्याला हा खेळ नवा नाही बरं का. १९९९ मध्ये, आपल्यापैकी बरेच जण जन्मायच्या आधी, नाशिक महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी १०० कोटींचे रोखे काढले होते. व्याज तब्बल १४.७५ टक्के! परतफेडीसाठी काही जकात नाक्यांची कमाई बाजूला काढून ठेवली होती. आता जकातच नाही. म्हणजे उरते ती मुख्यतः जीएसटीची भरपाई, घरपट्टी आणि पाणीपट्टी. तुम्ही रूमवर राहत असाल तर घरमालक ती भाड्यातच पकडतो, त्यामुळे ‘माझा काय संबंध’ म्हणून सुटका नाही.

देशपातळीवरही हेच सुरू आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा ८,००० कोटींचे ग्रीन बाँड विकले. ‘ग्रीन’ म्हणून व्याजात सूट किती मिळाली? शंभर रुपयांमागे वर्षाला पाच-सहा पैसे. जगाला पर्यावरणाची काळजी आहे, पण खिशात हात घालायची वेळ आली की एवढीच! २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. श्रीमंत देशांनी कबूल केले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. बाकीचं आपलं आपण बघा. म्हणूनच फिजीसारख्या चिमुकल्या देशानेही २०१७ मध्ये ग्रीन बाँड काढले.

इंदूरने २०२३ मध्ये एक गोष्ट भारी केली. नर्मदेचं पाणी शहरात चढवायला येणारं विजेचं बिल कमी व्हावं म्हणून जलूदला सौर प्रकल्प, आणि त्यासाठीचे २४४ कोटींचे रोखे सामान्य लोकांनाही घेता आले. बिल किती कमी झालं, हे मोजता येतं. नदी स्वच्छ झाली हे कसं मोजणार? मला तरी हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. आगरटाकळी, तपोवन इथली मलजल केंद्रं सुधारली तरी नाल्याचं पाणी थेट नंदिनीत आणि तिथून गोदेत येत राहिलं, तर?

आणि तपोवन म्हटलं की झाडं आलीच. नदीसाठी कर्ज काढणाऱ्या महापालिकेनेच साधुग्रामासाठी तिथली झाडं तोडायचा प्रस्ताव आणला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. ‘ग्रीन’ हा शब्द कागदावर एका प्रकल्पापुरता असतो, शहरापुरता नाही.

रोखे शेअर बाजारात नोंदले गेले की हिशेबही जाहीर करावा लागतो. तो एनएसईच्या साइटवर शोधता येतो. परीक्षा संपली की एकदा बघा, २०० कोटींतले किती कुठे गेले ते.