बँड कोण मागतं?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात नांदूरघाटसारख्या गावात बँड म्हटलं की वरात आठवते. पण घरातली मुलगी इंजिनिअर झाली आणि परदेशात एम.एस. करायचं म्हणू लागली, की दुसराच बँड कानावर येतो, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांचा. सोबत सल्लेही येतात. पहिला ठरलेला: ‘मराठी मीडियमवाल्यांचं ते काम नाही.’

गुण देताना शाळेचं माध्यम कुणी पाहत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे आणि बारावीला इंग्रजीत २० गुण तोंडी परीक्षेचे असतात. (ते अनेकदा तोंड न उघडताच मिळतात, ही गोष्ट वेगळी.)

दुसरी भीती उच्चारांची. गोऱ्यांसारखं बोलायला शिकवतो म्हणून क्लासवाले फी घेतात, पण परीक्षक मराठी वळणाचे गुण कापत नाही. बोलणं समजतंय का, हे उच्चाराच्या बाबतीत तो मुख्यतः बघतो. बाकी गुण ओघ, शब्दसंपदा आणि व्याकरणाचे. मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. मध्येच एक विषय हातात येतो. मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. समजा, कष्टाच्या एखाद्या कामाबद्दल सांगायचं आलं. बीड जिल्ह्यात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही, ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. हे साध्या इंग्रजीत समजावून सांगणारी मुलगी पाठ केलेलं उत्तर म्हणणाऱ्यापेक्षा पुढे जाईल. निबंधाचंही तेच. गाइडमधून घोकलेला निबंध परीक्षकाला ओळखू येतो आणि तिथे गुण जातात.

‘किती बँडला पास?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण आयेल्ट्समध्ये पास-नापास नसतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारांची सरासरी निघते आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात, ६.२५ आली तर ६.५ धरतात. फसगत होते ती पुढे. ७, ७, ६.५ आणि लेखनात ५.५ मिळाले, तर एकूण ६.५ होतात. पण विद्यापीठानं ‘कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको’ असं लिहिलं असेल, तर हा निकाल चालत नाही. म्हणून एकूण आकड्याच्या शेजारची बारीक ओळ वाचावी. एकाच विद्यापीठात दोन विभागांची अट वेगळी असू शकते.

सगळ्यात पक्का गैरसमज हा, की ही अट तिथल्या सरकारची आहे. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसासाठी सरकारनं ठरवलेला असा किमान स्कोअर नाही. कुठली परीक्षा, किती गुण, हे विद्यापीठ ठरवतं आणि आय-२० या कागदावर इंग्रजीबद्दलची नोंदही तेच करतं. व्हिसाच्या खिडकीवर मात्र बोलावं लागतंच. ऑस्ट्रेलियाचं उलट आहे: तिथे व्हिसासाठीच किमान गुण लागतात आणि मार्च २०२४ मध्ये आयेल्ट्सची ती पातळी ५.५ वरून ६ झाली. जर्मनीत अभ्यासक्रम जर्मन भाषेत असेल, तर आधी जर्मन यावं लागतं.

परीक्षेशिवायही दार उघडतं का? कधी कधी. पदवी इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं स्वीकारतात. ब्रिटनमधली काही बारावीच्या इंग्रजीचे गुणही धरतात. पण ‘काही’ म्हणजे सगळी नव्हेत. ग्रीन कार्ड मिळालेल्या कुटुंबातल्या मुलांनाही आपोआप सूट नसते, कारण बरीच अमेरिकन विद्यापीठं कार्डापेक्षा शिक्षण कुठल्या भाषेत झालं ते बघतात. परीक्षा द्यायची तर ती कधी, हेही बघावं लागतं. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला बिनशर्त प्रवेशपत्र लागतं. इंग्रजीचा निकाल यायचा बाकी असेल, तर विद्यापीठ सहसा सशर्त पत्रच देतं. तेव्हा शिष्यवृत्ती हवी असणाऱ्यानं परीक्षा शेवटाला ठेवू नये. फार आधीही देऊ नये. निकाल साधारण दोन वर्षंच चालतो.

आणि क्लास लावण्याआधी पासपोर्ट. आपल्याकडे आयेल्ट्सला ओळखपत्र म्हणून तोच लागतो, आधार चालत नाही. नाव पासपोर्टवर असेल तसंच भरायचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि एखाद्या ठिकाणी वडिलांच्या नावाचं स्पेलिंगच निराळं. ते दुरुस्त करण्यात जाणारे आठवडे तयारीच्या वेळापत्रकात कुणी धरत नाही.