सर्वसमर्थ देव आणि खलाचा हेतू

चंद्रपूर जिल्ह्यात इरई धरणाच्या जलाशयाच्या कडेस मोहर्ली नावाचे गाव आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात शिरण्याच्या मोठ्या वाटांपैकी ही एक असल्यामुळे नागपूर-मुंबईकडील मंडळी मोटारींतून येथे येतात, उघड्या जिप्सीत बसून वाघ पाहतात आणि परत जातात. ज्या देवावरून या रानास ताडोबा हे नाव पडले, त्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. तो देव म्हणजे तारू, अथवा तारोबा. गोंड लोकांच्या सांगण्याप्रमाणे तारू हा एका गावचा प्रमुख होता. वाघाशी त्याची झुंज झाली, त्या झुंजीत तो पडला, आणि पुढे लोकांनी त्यालाच देवपण दिले. ताडोब्याच्या तळ्याकाठी एका थोरल्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे व पौष महिन्यात तेथे जत्रा भरत आली आहे.

या कथेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथील देव हा हरलेला आहे. आणि ज्याने त्यास हरविले त्या वाघास कथेत कोणी दुष्ट ठरविलेले नाही. वाघाने तारूस का मारले, हे सांगण्याची आवश्यकता कथाकारास भासली नाही. वाघाचे पूर्वजन्मीचे वैर नाही, त्यास कोणाचा शाप नाही, राज्याचा लोभ नाही. तो वाघ आहे, एवढे पुरे.

आता याच्या उलट एखादी कथा घ्यावी, जिच्यातील देव सर्वसमर्थ आहे. तेथे कथाकारापुढे लागलीच दोन अडचणी उभ्या राहतात. देव जर सर्व काही करू शकतो, तर खलाचा नाश तो पहिल्याच क्षणी का करीत नाही? आणि देव असा आहे हे ठाऊक असता खल तरी त्याच्याविरुद्ध का उभा राहतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर कथा आरंभीच संपते. दुसऱ्याचे नसेल तर खल हा केवळ मूर्ख ठरतो, आणि मूर्खाच्या पराभवात कोणाचे मन रमत नाही. म्हणून देव जितका मोठा, तितका खलाचा हेतू भक्कम असावा लागतो.

हल्ली हाच प्रश्न सुशिक्षित घरांतील मुले आपल्या वडीलधाऱ्यांस विचारू लागली आहेत, आणि तो पुराणांतून नव्हे, तर जपानी चित्रमालिकांतून त्यांच्या डोक्यात आलेला असतो. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही मालिका जपानात २०१५ ते २०१८ या काळात दाखविली गेली. अकिरा तोरियामा या चित्रकथाकाराच्या जुन्या निर्मितीवर ती आधारलेली आहे. तीत झेनो नावाचा सर्व देवांचा देव आहे. दिसावयास तो लहान मूल, बोलणेही मुलाचेच. परंतु मनात आले की अखंड विश्व पुसून टाकण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे. पूर्वी अठरा विश्वे होती. त्याची लहर फिरली आणि त्यांपैकी सहा नाहीशी झाली, बारा उरली. दुष्टपणाचा त्यात लवलेश नाही. विचाराचाही नाही, हीच त्यातली भीतिदायक गोष्ट.

या मालिकेतील खल झमासू हा स्वतः देवांच्या पंक्तीतला, सृष्टीचे पालन करणाऱ्या देवाचा उमेदवार शिष्य आहे. मर्त्य प्राणी एकमेकांचे गळे कापतात, कितीही युगे गेली तरी शहाणे होत नाहीत, म्हणून मर्त्यांचा समूळ उच्छेद करून सृष्टी शुद्ध करावी, असा त्याचा निश्चय होतो. ऐकावयास हा हेतू न्यायाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी दुसरेही काही आहे. गोकू नावाच्या एका मर्त्याने सहज खेळीमेळीच्या द्वंद्वात त्यास हरविलेले असते, आणि हा डंख त्याच्या मनातून जात नाही. पुढे तो ज्या गोकूचा तिरस्कार करतो त्याचेच शरीर बळकावतो. तोंडाने न्यायाची भाषा आणि पोटात दुखावलेला अभिमान, ही जोडी मनुष्यस्वभावातली आहे, आणि म्हणूनच झमासू हा पात्र म्हणून उभा राहतो.

शेवट मात्र कच्चा आहे. झमासू कोणत्याच उपायाने आटोपत नाही असे दिसल्यावर गोकू एक कळ दाबून त्या काळातील झेनोस बोलावतो, आणि झेनो झमासूसकट ते सगळे विश्वच पुसून टाकतो. खल गेला, हे खरे. पण मर्त्य सुधारत नाहीत, हा त्याचा आरोप जेथल्या तेथे राहिला. त्याचे खंडन कोणी केले नाही. आरोप करणारा तेवढा पुसला गेला. मुले या ठिकाणी नाराज होतात, आणि ती नाराजी रास्त आहे.

आपल्या पुराणकारांस ही अडचण फार पूर्वी कळली होती, आणि तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘वर’. वर हा देवाने स्वतःच दिलेला शब्द असतो. एकदा दिला की देव आपल्याच शब्दात बांधला जातो, त्याचे सामर्थ्य उणे न होता त्याच्या हातास मर्यादा पडते. हिरण्यकशिपूची कथा या दृष्टीने पाहावी. त्याचा भाऊ हिरण्याक्ष यास वराहरूपी विष्णूने मारले आहे. म्हणजे त्याचा हेतू सुडाचा, आणि भावाच्या सुडाचा हेतू कोणत्याही घरात समजण्यासारखा आहे. त्याने तप केले आणि ब्रह्मदेवाकडून मागून घेतले की मनुष्याकडून मरण नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. एखाद्या वकिलाने करारपत्र लिहावे तसा हा वर आहे. आणि देवाने तो मोडला नाही. नरसिंहाने उंबरठ्यावर, तिन्हीसांजेस, मांडीवर घेऊन, नखांनी त्याचा अंत केला. प्रत्येक अट पाळली गेली. झेनोची कळ आणि नरसिंहाचा उंबरठा यांत हाच भेद आहे. एके ठिकाणी सामर्थ्य नुसते वापरले जाते. दुसरीकडे ते दिलेल्या शब्दाचा मान राखून वाट शोधते.

रावणाच्या बाबतीत वराची खुबी आणखी सूक्ष्म आहे. देव, दानव, यक्ष, नाग यांपासून त्याने अभय मागितले, आणि मनुष्याचे नावच घेतले नाही. मनुष्य त्याच्या लेखी गवताची काडी होता. त्याच्या नाशाचे बीज कोणा देवाने पेरलेले नसून त्याच्या तुच्छतेने पेरलेले आहे. जपानच्या युगो साको यांनी आपल्याकडील राम मोहन यांच्या सहकार्याने तयार केलेला रामायणावरील चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत दाखविण्यात आला, तेव्हा पुष्कळ मुलांनी रावण प्रथम या रूपात पाहिला. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात असेही गोंड लोक आहेत जे रावणास आपला पूर्वज मानतात आणि त्याच्या पुतळ्याचे दहन त्यांस रुचत नाही. एकाच पात्राच्या हेतूची झडती घेणारे दोन पक्ष एकाच जिल्ह्यात नांदतात.

बळीच्या कथेत तर हा वरांचा बांधही अपुरा पडतो, कारण तेथे खलाचा हेतू शोधूनही सापडत नाही. बळी दानशूर आहे, वचनाचा पक्का आहे. वामन कोण हे शुक्राचार्यांनी बजावल्यावरही तो दिलेल्या शब्दापासून ढळत नाही. सर्वसमर्थ देव तीन पावलांनी त्याचे सर्वस्व हरण करतो खरा, पण कथा त्या जागी थांबू शकत नाही. भागवतकारास त्या देवाला सुतलात बळीच्या दारी द्वारपाल म्हणून उभे करावे लागते. देवावर ऋण राहते आणि ते फेडल्यावाचून कथाकारास झोप येत नाही. दिवाळीच्या पाडव्यास महाराष्ट्रातील बायाबापड्या ओवाळताना आजही बळीचे राज्य येवो असेच म्हणतात, विजयी वामनाचे नाव घेत नाहीत. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी या बळीस शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणले. परंतु लोकांनी निवाडा त्याच्या आधीच दिलेला होता.

गोंडांच्या लिंगोकथेत याही पुढचे पाऊल टाकलेले आढळते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही कथा प्रधान गायकाकडून टिपून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती छापली. तीत गोंडांस कोंडणारा कोणी राक्षस नसून प्रत्यक्ष महादेव आहे. गोंड वाटेल ते खातात, अंग धूत नाहीत, त्यांचा दर्प सोसत नाही, एवढ्या कारणासाठी तो एक खार उत्पन्न करतो. खारीच्या मागे धावत गोंड गुहेत शिरतात, आणि महादेव सोळा हात लांबीची शिळा दाराशी लावून देतो. चौघे तेवढे बाहेर राहतात. म्हणजे येथे हेतूची झडती खलाची नसून देवाची घ्यावयाची आहे, आणि तो हेतू क्षुल्लक निघतो. पार्वतीस गोंडांवाचून करमेनासे होते आणि ती त्यांच्यासाठी तप आरंभते, ही या कथेतील सर्वांत कोवळी जागा होय. पुढे लिंगो त्यांची सुटका मागतो, तेव्हा महादेव त्यास एका काळ्या पक्ष्याची पिले आणावयास सांगतो. लिंगो सर्पापासून त्या पिलांचे रक्षण करून ती आणतो आणि गोंड मोकळे होतात. येथेही देव शब्दात सापडला आहे. मात्र तो शब्द खलासाठी नसून कोंडलेल्या माणसांसाठी खर्ची पडला. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघी पौर्णिमेस या स्मृतीसाठी लोटणारी गर्दी पाहिली, म्हणजे ही गोष्ट केवळ ग्रंथात राहिलेली नाही हे ध्यानात येते.

ताडोब्याच्या तळ्याचीही एक दुसरी दंतकथा इंग्रजी अमदानीतील जिल्ह्याच्या वृत्तान्तात नमूद आहे. यात्रेकरूंनी हाक दिली की स्वयंपाकास लागणारी भांडी तळ्यातून वर येत. काम झाल्यावर ती घासून पाण्यात सोडावयाची. एक लबाड मनुष्य ती घरी घेऊन गेला, आणि तेव्हापासून भांडी येईनाशी झाली. हा खल केवढा लहान! त्याचा हेतू चार भांड्यांपुरता. तरी त्याची नोंद झाली, आणि वाघाच्या हेतूची झाली नाही. रानातल्या माणसांनी हेतू माणसाच्या अंगी पाहिला, जनावराच्या नव्हे.

हा भेद शहरांत पुसट झाला आहे, आणि त्याचा परिणाम नुसत्या गोष्टींपुरता राहत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूस अवनी नावाने गाजलेल्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचे खापर होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली. त्या दिवसांत एक पक्ष तिला रक्तास चटावलेली राक्षसीण म्हणत होता, दुसरा पिलांसाठी झुंजणारी माता म्हणत होता. दोघांनी तिला हेतू चिकटविला. एकाने पुराणातील खलाचा, दुसऱ्याने देवीचा. ज्या घरांतील माणसे गेली त्यांस यांपैकी एकाही वर्णनाचा उपयोग नव्हता.

ताडोब्यात २०२१ च्या नोव्हेंबरात कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामी पायी निघालेली एक वनरक्षक स्त्री ‘माया’ या प्रसिद्ध वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. पुढे वाघीण बसलेली दिसल्यावर ती मंडळी थांबली होती आणि मग आडवळणाने निघाली होती. या प्रसंगात खल कोठे शोधावा? कर्तव्य करणारी एक स्त्री आणि आपल्या जागी असलेले एक जनावर, एवढेच तेथे होते.

कायदा या बाबतीत पुराणापेक्षा तारूच्या कथेस अधिक जवळचा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम वाघ दुष्ट आहे काय, हे विचारीत नाही. तो मनुष्याच्या जीवितास धोकादायक झाला आहे काय, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी आहे काय, एवढेच मुख्य वन्यजीव रक्षकाने पाहावयाचे असते आणि आपली कारणे लेखी द्यावयाची असतात. जिवंत पकडणे, भूल देणे, अन्यत्र हलविणे यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हाच मारण्याची परवानगी. येथेही सामर्थ्य सरकारच्या हाती संपूर्ण आहे, पण ते अटींनी बांधलेले आहे.

उन्हाळ्याच्या तोंडी मोहर्लीच्या भोवतालच्या रानात मोहाची फुले गळू लागतात, त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात बायका टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. फुले वेचावयाची म्हणजे वाकावे लागते, आणि वाकलेला मनुष्य झुडपाआडून पाहणाऱ्या वाघास मनुष्यासारखा दिसत नाही. त्याच्या उंचीचे एखादे चौपायी जनावर दिसते. म्हणून जाणत्या बायका एकटीने जात नाहीत, आपसांत मोठ्याने बोलत राहतात, आणि मधूनमधून कंबर सरळ करून उभ्या राहतात.