सुई टोचली तर लपवू नका

मीरा रोड-भाईंदरच्या दवाखान्यांत, नर्सिंग होममध्ये आणि घरच्या पेशंटजवळ कितीतरी जणी आया, मावशी किंवा नर्सिंग सहाय्यक म्हणून राबतात. गावाकडच्या गटांतल्या मुलीही या कामाला येतात. रक्तातून पसरणाऱ्या आजारांबद्दल त्यांना पहिल्या दिवशीच कुणी सांगतं असं नाही. म्हणून आज आपण त्यावर बोलू.

असे मुख्य आजार तीन : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन यकृतावर घाला घालतात. सगळ्यांना भीती वाटते एचआयव्हीची. पण आकडे पाहा. आजार असलेल्या पेशंटची वापरलेली सुई टोचली, तर एचआयव्हीची लागण हजारात साधारण तिघांना होते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोघांना. आणि लस न घेतलेल्या बाईला हिपॅटायटिस बीची लागण शंभरात ६ ते ३० जणींना होऊ शकते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो.

दिलासा असा, की हिपॅटायटिस बीवर लस आहे. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिन्ही पुरे करा. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण गोळ्यांनी तो बरा होतो. सरकारी कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

हे आजार पेशंटला जेवू घातल्याने, अंग पुसल्याने, त्याचा हात धरल्याने होत नाहीत. तेव्हा कुणाला दूर लोटू नका. पण कुणाच्या रक्तात काय आहे ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येकाचं रक्त सारखंच जपून हाताळायचं. रक्ताशी संबंध येणार असेल तर हातमोजे घाला, काढल्यावर साबणाने हात धुवा. आपल्या हाताला जखम असेल तर ती आधी झाका.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. सुई अनेकदा तेव्हाच टोचते. सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका. रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. घरी इन्सुलिनची सुई वापरत असाल तर ती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

आणि एवढं करूनही सुई टोचलीच तर?

बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवा. मग लगेच सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा आणि नोंद करायला लावा. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. ते २८ दिवस घ्यायचं असतं. आपल्या दवाखान्यात ते नसेल तर थेट सरकारी रुग्णालय गाठा. भाईंदर पश्चिमेला टेंभा इथे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, तिथे विचारा. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

बायका सांगत नाहीत, कारण काम जाईल, घरचे संशय घेतील अशी धास्ती असते. ती धास्ती आम्हाला समजते. पण औषधाचे तास त्या गप्प बसण्यातच निघून जातात. आणि हे मागणं म्हणजे मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने अशी जोखीम असलेल्या कामगारांना बचावाची साधनं, त्याचं शिक्षण आणि हे औषध द्यायला हवं. मग ती डॉक्टर असो की फरशी पुसणारी मावशी.

येत्या बैठकीत गटात एवढंच विचारा : आपल्यापैकी दवाखान्यात कामाला कोण जातं, आणि लसीचे तीन डोस कुणाचे झालेत? ज्यांचे राहिलेत त्यांनी एकटीने जाऊ नका, मिळून जा.