पाव मिलिमीटर आणि वर्गाची सीमा

हौशी मोटारशर्यतीत गाड्यांचे वर्ग वेगाच्या क्रमाने लावलेले असतात, असा सर्वसाधारण समज असला, तरी वर्गीकरणाच्या नियमांचा खरा रोख खर्चाला वेसण घालण्याकडे असतो. कारण ज्या शर्यतीत इंजिनावर हवा तेवढा पैसा ओतता येतो, तेथे काही हंगामांतच स्पर्धक रोडावतात आणि उरलेल्यांत चालकाच्या हातापेक्षा घरच्या तिजोरीचीच कसोटी लागते. कोल्हापुरात या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच गावात दिसतात. एकीकडे शिवाजी उद्यमनगर आहे, जेथे सिलिंडर बोअर करणे आणि क्रँकशाफ्ट ग्राइंड करणे ही नित्याची कामे आहेत. दुसरीकडे मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, जेथे राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आणि जेथे स्पर्धकाला स्वतःच्याच इंजिनाच्या आत हात घालण्याची मुभा नसते.

भारतातील अधिकृत शर्यतींचे नियम १९७१ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या महासंघाकडून येतात. त्याची मान्यता व स्थानिक परवानगी यांवाचून सार्वजनिक रस्त्यावर लावलेली ‘शर्यत’ ही येथे विचारात घेतलेलीच नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय अशी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. गट पाडण्याची कल्पना मात्र या मुलखाला नवी नाही. बैलगाडी शर्यतीत दात पाहून आदत आणि दुस्सा असे गट ठरतात, आणि जनावराचा जबडा उघडून पाहणारा जाणकार जे काम करतो, तेच मोटारशर्यतीत स्क्रुटिनिअर, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी करणारा अधिकारी, करत असतो.

वर्गीकरणाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वाधिक चालणारे माप म्हणजे इंजिनाची घनक्षमता, अर्थात सर्व सिलिंडरांत पिस्टन वरून खाली येताना जेवढी जागा व्यापतो तिची बेरीज. हे माप लोकप्रिय ठरले ते न्याय्य आहे म्हणून नव्हे, तर सोपे आहे म्हणून. हेड उतरवले की बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ही दोन मापे घेऊन गणित मांडता येते. फोक्सवॅगनच्या टर्बो नसलेल्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाचा बोअर ७६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८६.९ मिलिमीटर आहे; चार सिलिंडरांची बेरीज १,५९८ सीसी होते आणि गाडी १,६०० सीसीच्या वर्गात जेमतेम बसते. तेच इंजिन झिजले म्हणून अवघ्या पाव मिलिमीटरने बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, तर बेरीज १,६०८ वर जाते. रस्त्यावरच्या गाडीसाठी ही दुरुस्ती अगदी सरळ आणि प्रामाणिक आहे, पण १,६०० ही काटेकोर सीमा असलेल्या वर्गात ती गाडी बाद ठरते, मग त्या आठ सीसींनी वेगात काडीचाही फरक पडलेला नसो. म्हणूनच शर्यतीची गाडी हाती घेणाऱ्या कारागिराला आधी नियमपुस्तिका वाचावी लागते.

टर्बोचार्जर आला की हे माप तोकडे पडते, कारण टर्बो तेवढ्याच सिलिंडरात अधिक हवा दाबून कोंबतो. त्यावर आंतरराष्ट्रीय महासंघ फियाने गुणकाचा तोडगा काढला: टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाची घनक्षमता १.७ ने गुणायची आणि येणाऱ्या आकड्यावरून वर्ग ठरवायचा. त्यामुळे बाजारात ‘एक लिटर’ म्हणून विकले जाणारे ९९९ सीसीचे टर्बो इंजिन कागदावर १,६९८ सीसीचे होते आणि १,६०० च्या वर्गाबाहेर पडते. हा गुणक म्हणजे निसर्गनियम नव्हे, ती वाटाघाटीतून आलेली तडजोड आहे.

दुसरा उपाय म्हणजे रिस्ट्रिक्टर: इंजिनाकडे जाणारी सर्व हवा ठरावीक व्यासाच्या एकाच भोकातून जावी अशी सक्ती. भोक लहान असले की आतील यंत्रणा कितीही महाग असली तरी ताकदीला कमाल मर्यादा पडते, आणि तपासायचे ते फक्त भोक. तरीही १९९५ च्या कॅटालुनिया रॅलीत टोयोटाच्या संघाने रिस्ट्रिक्टरच अशा युक्तीने बसवला होता, की गाडीवर चढवताच तो सरकून बाजूने जास्तीच्या हवेला वाट देई आणि उतरवताच जागेवर येऊन निर्दोष दिसे. संघावर बारा महिन्यांची बंदी आली. ती फसवणूक होती हे खरेच, पण तिच्यातील यंत्रकौशल्य थक्क करणारे होते हेही मान्य करावे लागते.

कोल्हापूरच्या ट्रॅकवर धावलेल्या रोटॅक्स मॅक्स कार्टमध्ये असल्या युक्त्यांना जागाच ठेवलेली नाही. १२५ सीसीचे, एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक इंजिन सर्वांना एकाच कंपनीचे. त्याच्या स्क्रूमधून ओवलेल्या तारेवर क्रमांकाचे सील, तो क्रमांक इंजिनाच्या ओळखपत्रात नोंदलेला, आणि सील तोडण्याचा अधिकार केवळ अधिकृत सेवाकेंद्राला. मायक्रो, ज्युनिअर व सीनियर हे वर्ग वयानुसार आहेत. ज्युनिअर इंजिनात एक्झॉस्टची झडप नसल्यामुळे त्याची ताकद सीनियरच्या सुमारे ३० अश्वशक्तीपेक्षा बरीच कमी राहते. वजन मोजले जाते ते कार्ट आणि चालक यांचे मिळून, शर्यत संपल्या संपल्या, हेल्मेट-सूटसह काट्यावर उभे करून. सीनियरमध्ये ही बेरीज १६० किलोच्या आसपास ठेवलेली असल्याने सडपातळ मुलाच्या सीटला शिशाचे तुकडे जोडतात, आणि तेही किमान सहा मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी, कारण वळणावर सुटलेले शिसे मागच्या चालकाच्या दिशेने उडते.

मग मेकॅनिकच्या हाती काय उरते? कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे पितळी छिद्र; मागच्या ॲक्सलवरील स्प्रॉकेटचे दात; टायरमधील हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यामुळे येथील हवा चेन्नईपेक्षा विरळ आहे, तेव्हा तिकडे जुळलेला जेट येथे जास्त पेट्रोल सोडतो आणि इंजिन जड चालते. एक-दोन नंबर लहान जेट घालण्याचा निर्णय हीच येथे कारागिरी. स्पर्धा त्यामुळे स्वस्त आणि चुरशीची होते, यात शंका नाही. परंतु ज्या गावात इंजिनाची जाण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, तेथे सीलबंद इंजिनाचा वर्ग हा चालक घडवणारा असला तरी मेकॅनिक घडवणारा नव्हे, ही त्याची उणीवही नोंदवली पाहिजे.

कार्टनंतरची पायरी बहुधा एकाच मॉडेलच्या शर्यतींची असते. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप सुरू केला. कंपनीच्या या मालिकेतील पुढच्या कप-स्पर्धांत कोल्हापूरचे ध्रुव मोहिते उतरले. त्यांत गाड्या कंपनीनेच तयार केलेल्या आणि एकसारख्या असत. त्याआधी १९८० च्या दशकात कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे ८०० सीसी इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही एक-आसनी गाडी घडवली, तेव्हाही धोरण हेच होते: ज्याचे सुटे भाग कोणत्याही गावात मिळतात असे इंजिन निवडायचे, म्हणजे भरधाव शर्यतीतही खर्च आवाक्यात राहतो. याउलट, बदलांना वाव देणाऱ्या इंडियन टुरिंग कारसारख्या वर्गांत पोर्टिंग, कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशन यांवर खटपट चालते. उद्यमनगरातील हाताला खरे काम तेथेच आहे, आणि स्क्रुटिनिअरच्या गेजलाही.

विजेवर चालणाऱ्या कार्टच्या बाबतीत यांपैकी बरीचशी मापे लागूच पडत नाहीत. मोटरला बोअर नाही, हवेचे भोक नाही. तिची ताकद सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे तेथे वर्ग ठरतो तो किलोवॅट आणि वजन यांवर, आणि तपासणीसाठी हेड उतरवण्याऐवजी शर्यतीदरम्यान बॅटरीतून किती वीज खेचली गेली याची नोंद उतरवून घ्यावी लागते.