खेळांतील पावलांचा कानोसा

काउंटर-स्ट्राईक नांवाच्या व्हिडिओ गेममध्यें पांच-पांच खेळाडूंचे दोन संघ परस्परांचा माग काढीत असतात. शत्रु भिंतीआड असल्यामुळें दिसत नाहीं. परंतु तो धांवूं लागला म्हणजे त्याचीं पावलें वाजतात. तीं डावीकडून येत आहेत कीं पाठीमागून, हें ज्यास क्षणार्धांत उमगेल तोच टिकतो. इतरांस त्या फेरीपुरतें स्वस्थ बसून सोबत्यांचा खेळ पाहावा लागतो. म्हणूनच 'सराउंड साउंड' किंवा '७.१' अशीं अक्षरें मिरविणारे हेडफोन चार पैसे अधिक देऊन घेण्याचा मोह तरुणांस होतो, आणि हा खर्च सार्थकीं लागेल काय, असा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांस पडतो.

उत्तरापूर्वीं कान दिशा कशी ओळखतात हें पाहणें अवश्य आहे. मनुष्यास कर्णपटल दोनच. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. त्यामुळें उजवीकडील आवाज उजव्या कानास आधीं व डाव्यास किंचित् उशिरां पोंचतो. हा विलंब फार तर सेकंदाच्या सुमारें १,५०० व्या भागाएवढा. पण मेंदूस तो पुरतो. शिवाय मस्तक आड येत असल्यानें उंच स्वर दूरच्या कानास क्षीण ऐकूं येतात. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं ही दुहेरी उपपत्ति मांडली.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. अगदीं समोरचा व अगदीं पाठीमागचा आवाज दोन्ही कानांस एकाच वेळीं व सारख्याच जोरानें पोंचतो. येथें बाह्यकर्णाच्या वळ्या उपयोगीं पडतात. त्यांच्यामुळें उंच स्वरांत दिशेपरत्वें फरक पडतो, व ती खूण ओळखण्यास मेंदू बालपणापासून शिकलेला असतो. तरीहि संशय उरला तर माणूस मान वळवितो, आणि संशय फिटतो.

आतां हेडफोनचा विचार. ७.१ म्हणजे श्रोत्याभोंवतीं सात ध्वनिक्षेपक व खर्जासाठीं एक. दिवाणखान्यांतील अशी मांडणी खरोखरच दिशा दाखविते. कारण तेथें प्रत्येक आवाज श्रोत्याच्या मस्तकास व कानांस वळसा घालून येतो. हेडफोनच्या वाटींत मात्र चार-पांच लहान ध्वनिक्षेपक दाटीवाटीनें बसविले, तरी ते सारे कानाशींच राहतात. म्हणून बहुतेक हेडफोनांत ध्वनिक्षेपक दोनच असून सात दिशांचा आभास गणितानें निर्माण केला जातो. विलंबाचे, जोराचे व कर्णाच्या वळ्यांचे संस्कार संगणकच आवाजावर करतो. एचआरटीएफ या आद्याक्षरांनीं ओळखलें जाणारें तंत्र तें हेंच.

तेव्हां खरा प्रश्न असा कीं, हा संस्कार कोणीं करावा? हेडफोनच्या हातीं सात दिशांचें तयार मिश्रण येतें, आणि त्या साती दिशा एकाच पातळींतल्या असल्यानें उंचीची माहिती आधींच गळालेली असते. काउंटर-स्ट्राईकमधील 'न्यूक' या अणुविद्युत्-केंद्राच्या रणांगणांत बाँब ठेवण्याच्या दोन जागा एकीखालीं एक आहेत. तेथें पावलें माथ्यावर कीं पायांखालीं, हें अशा मिश्रणावरून कसें कळावें? खेळास मात्र प्रत्येक पावलाचें नेमकें स्थान ठाऊक असतें. म्हणूनच २०१६ सालीं काउंटर-स्ट्राईक : ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्यें व २०२१ सालीं व्हॅलोरंटमध्यें हा संस्कार खेळांतच करण्याची सोय झाली. तिला दोन ध्वनिक्षेपकांचे साधे हेडफोन पुरतात. तिच्या जोडीस हेडफोनचें सराउंडहि चालू ठेवणें म्हणजे एकाच आमटींत दोघांनीं मीठ घालण्यासारखें आहे. दिशा स्पष्ट होण्याऐवजीं पुसट होते.

मात्र प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असल्यानें सरासरी कानावरून बेतलेलें गणित सर्वांस सारखें मानवत नाहीं. २०२० सालीं आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्यें याचसाठीं पांच नमुन्यांतून निवड करण्याची मुभा दिली गेली. ज्या खेळांत स्वतःची सोय नाहीं, तेथें हेडफोनचें सराउंड कांहींच्या उपयोगीं पडूं शकेल. याची परीक्षा घरींच करतां येते. मित्रास खेळांत भोंवतीं फिरावयास सांगावें, डोळे मिटून वीस वेळां दिशा सांगावी, आणि सराउंड बंद करून तोच प्रयोग पुन्हां करावा. उत्तरांत फरक पडला नाहीं, तर ते पैसे उत्तम प्रतीच्या साध्या हेडफोनकडे वळविणें शहाणपणाचें. संशय आल्यास खेळांतील दृष्टि किंचित् वळवावी. मान वळविण्याचेंच तें दुसरें रूप होय, आणि त्यास कांहीं मोल पडत नाहीं.