हिरवे पाणी आणि माझी चूक



गेल्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका कोलाम पोडावर मी आरोग्याची बैठक घेतली. पोडाजवळच्या डबक्यात कपाशीचे फवारणी पंप धुतले जातात. डबक्यावर हिरवा थर आला होता. नुकतेच वाचलेले आठवून मी उत्साहाने सांगितले, "असले शेवाळ कीटकनाशक खाऊन टाकते."

आठवड्याने गेलो, तर एक आजी त्याच डबक्यातून घागर भरत होत्या. पोडावरचा हातपंप बंद पडला होता. मी अडवले तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, तुमीच तं सांगतलं, हे हिरवं इख खाते मनून!"

मी अर्धेच सांगितले होते. उरलेले आज लिहितो.

नील-हरित शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे खरे तर सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. भातखाचरात ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले. कीटकनाशकावर ते दोन प्रकारे काम करतात. त्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला विष चिकटते, आणि काही जाती ते विष तोडतात. ॲनाबीना व नॉस्टॉक या जाती लिंडेन तोडू शकतात, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. मिथाइल पॅराथिऑनवरही ॲनाबीनाचा असाच परिणाम आढळला. बाहेरून अन्न घालावे लागत नाही, ऊन पुरते; म्हणून शास्त्रज्ञांना त्यांच्याकडून आशा आहे.

पण हे प्रयोग निवडलेल्या जातींवर, मोजूनमापून केलेले असतात. डबक्यात कोणती जात वाढली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. चिकटलेले विष शेवाळ कुजले की पाण्यात परत येऊ शकते. विष तुटून जे उरते, तेही नेहमी निरुपद्रवी नसते. शिवाय मायक्रोसिस्टिससारख्या जाती स्वतःच यकृताला घातक विष बनवतात, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे अशा पाण्यावर डायलिसिस झालेले ५० हून अधिक रुग्ण दगावले.

म्हणजे हे जिवाणू उद्या सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी येतील, पण हिरवे डबके म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे.

मी पुन्हा बैठक घेऊन सर्वांसमोर चूक कबूल केली. आता पोडावर ठरले आहे: पंप व डबे तीनदा विसळायचे आणि ते पाणी पंपातच घालून शेतात फवारायचे, विहीर-नाल्याजवळ धुवायचे नाही, औषधाच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडायची, म्हणजे कोणी त्यांत पाणी भरणार नाही. डबक्याला काटेरी कुंपण घातले आहे. आपल्या देणगीतून हातपंपही दुरुस्त झाला.

त्याच आजी आता पोरांना डबक्यापासून हाकलतात. आपल्या गावातही कोणी हिरवे पाणी भरताना दिसले, तर कृपया थांबवा, आणि कारण पूर्ण सांगा.